एरर फक्त त्या दोन कॉम्प्युटरवरच का येतो? शोध घेण्याची पद्धत

ऑफिसात दहा-बारा कॉम्प्युटर लॅनने जोडलेले असतात. कोपऱ्यातल्या एका मशीनला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात, पण तोही विंडोजचा साधा कॉम्प्युटरच असतो. हिशोबाच्या किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्याच्यावर असतो आणि बाकीची टेबलं शेअर केलेल्या फोल्डरमधून तो उघडतात. आठ-दहा टेबलांवर काम सुरळीत चालतं. दोन टेबलांवर मात्र मधूनच एरर येतो. एखाद्या दिवशी तीनदा येतो, मग चार दिवस येतच नाही, आणि कोणाला दाखवायला बोलावलं की सगळं ठीक चालतं. पतसंस्था असो, शाळेचं ऑफिस असो की सीएचं, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते.

हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्या माणसाने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी: ‘कधीतरी’ येणारा एरर लहरी नसतो. त्याची एक अट असते. ती अट पूर्ण झाली की तो येतो, नाही झाली की येत नाही. आपल्याला ती अट दिसलेली नसते म्हणून तो लहरी वाटतो. म्हणून पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारू नका, सॉफ्टवेअर काढून परत टाकू नका. त्याने पुरावा पुसला जातो, आणि दोष भिंतीतल्या केबलमध्ये असेल तर आठवड्याने तोच एरर नव्या विंडोजवर येतो.

पायरी १: आधी बॅकअप

सगळ्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायला सांगा आणि सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. फोल्डरच्या नावात तारीख घाला. ॲक्सेस किंवा फॉक्सप्रो या डेटाबेसच्या फायली वापरणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एंट्री सेव्ह होताना नेटवर्क तुटलं, तर अख्खी फाइल खराब होऊ शकते. आपण शोध घेत असताना नेटवर्क पुन्हा तुटणारच आहे. कॉपी उघडते का, हेही तेव्हाच पाहून घ्या.

पायरी २: वही ठेवा

एरर येणाऱ्या प्रत्येक टेबलावर एक वही ठेवा आणि तिथे बसणाऱ्याला नीट समजावून सांगा. एरर आला की लगेच ‘ओके’ दाबायचं नाही. आधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढायचा. मग वहीत तारीख, घड्याळातली नेमकी वेळ, कोण काम करत होतं, कोणती स्क्रीन उघडी होती आणि नेमकं कोणतं बटण दाबलं हे लिहायचं. शेवटी आजूबाजूला काय चाललं होतं तेही: लाइट डोळा मारून गेली का, प्रिंट चालू होती का, कोणी बाहेरचा लॅपटॉप लावला का, आपण नुकतेच जेवून परत आलो का.

‘सॉफ्टवेअर मधूनच बंद पडतं’ या वाक्यावरून काहीच हाती लागत नाही. ‘सोमवारी २ वाजून १० मिनिटांनी, जेवून आल्यावर पहिलंच व्हाउचर सेव्ह करताना, डिस्क ऑर नेटवर्क एरर’ या ओळीत मात्र निम्मं उत्तर असतं. म्हणून टेबलावरच्या माणसाशी घाई न करता बोला. रोज आठ तास त्या स्क्रीनसमोर बसणाऱ्या मॅडमना जे दिसतं ते आपल्याला एका भेटीत दिसत नाही, आणि आपण त्यांना दोष देत नाही आहोत हे कळलं की त्या मोकळेपणाने सांगतात.

आठवडाभराने वही घेऊन बसा आणि वेळांकडे पाहा. रोज साधारण त्याच वेळी येत असेल, तर अँटिव्हायरसचं स्कॅन, बॅकअपचा ठरलेला जॉब किंवा कोणाचं तरी रोजचं काम आड येतंय. जेवणाच्या सुट्टीनंतर येत असेल, तर वीज वाचवण्याचं सेटिंग किंवा रिकाम्या बसलेल्या जोडणीचं तुटणं. सकाळी झाडलोट झाल्यावर येत असेल, तर केबलचा जॅक ढिला आहे. क्लिप तुटलेला जॅक झाडूच्या एका धक्क्याने अर्धवट बाहेर येतो. उशिरा येणाऱ्यालाच येत असेल, तर सर्व्हरची मर्यादा. आणि महिन्याच्या ठरावीक तारखांनाच येत असेल, तर तारखेची मांडणी. या शेवटच्या प्रकाराबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण त्यात एररपेक्षा मोठं नुकसान लपलेलं असतं.

पायरी ३: दोष माणसाबरोबर जातो, मशीनबरोबर, की जागेवरच राहतो?

मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. हिला एक रुपयाही खर्च नाही, तरी नेमकी हीच वगळली जाते.

आधी माणूस बदला. एरर येणाऱ्या टेबलावरच्या व्यक्तीला, तिच्याच लॉगिनने, चांगल्या चालणाऱ्या टेबलावर काम करू द्या. एरर तिच्याबरोबर गेला, तर तिच्या लॉगिनचे अधिकार, ती उघडत असलेलं खातं किंवा तिची कामाची पद्धत पाहायची. नाही गेला, तर मशीन बदला: बिघडलेल्या टेबलावरचा डबा उचलून चांगल्या टेबलावर, तिथल्याच केबलला लावा, आणि तिथला इकडे आणा. आता एरर डब्याबरोबर गेला तर दोष मशीनच्या आत आहे. जुन्याच टेबलावर, नव्या डब्यावर आला तर दोष जागेचा आहे: केबल, भिंतीतला पोर्ट, नेटवर्कच्या स्विचचा (सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीचा) पोर्ट किंवा तिथली वीज.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडू नका. केबल, ड्रायव्हर आणि अँटिव्हायरस एकाच दुपारी बदलले आणि एरर थांबला, तर काय बरं झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. दुसरं म्हणजे पुरेशी वाट पाहा. दोन-तीन दिवसांतून एकदा येणारा एरर एक दुपार आला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पायरी ४: जागा दोषी असेल तर

केबलपासून सुरुवात करा. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएस वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, १ गिगाबिटला मात्र चारही लागतात. त्यामुळे एखादी तार आतून तुटली किंवा क्रिम्पिंग करताना (टोकाला जॅक बसवताना) नीट बसली नाही, तरी जोडणी बंद पडेलच असं नाही. ती गुपचूप १०० वर उतरते किंवा दोन्ही वेगांमध्ये तुटत-जुळत राहते. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट, तिथे लिंक स्पीड पाहा. बाकी सगळ्या टेबलांवर १००० आणि या एकाच टेबलावर १०० दिसत असेल, तर पाचपैकी चार शंका त्या केबलवर घ्या. सगळीकडेच १०० असेल तर स्विचच जुना आहे; तो वेगळा विषय.

केबल हाताने शेवटपर्यंत पाहत जा. खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली, दारात चिमटलेली, छताच्या पोकळीत उंदराने कुरतडलेली, ट्यूबच्या किंवा एसीच्या वायरला बांधून नेलेली केबल ही नेहमीची कारणं आहेत. एका तुकड्याची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त असू नये. शंका आली की जमिनीवरून तात्पुरती नवी केबल टाकून थेट स्विचपर्यंत न्या आणि दोन-तीन दिवस तशीच चालवा. भिंत फोडण्याआधी एवढं करायलाच हवं.

मग पिंग, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते तपासणारी कमांड. कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग, पुढे सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) आणि शेवटी ‘-टी’ हा पर्याय द्या. अर्थात कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. ती बंद करेपर्यंत चालू राहते. नुसती पिंग ३२ बाइटचंच पाकीट पाठवते आणि एवढं छोटं पाकीट बिघडलेल्या केबलमधूनही अनेकदा निभावून जातं, म्हणून ‘-एल’ या पर्यायाने आकार १४०० करा. लॅनमध्ये उत्तर १ मिलिसेकंदाच्या आसपास यायला हवं. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ मधूनमधून दिसत असेल तर रस्ता तुटतोय.

हीच पिंग त्याच वेळी एका चांगल्या टेबलावरूनही चालू ठेवा, आणि बिघडलेल्या टेबलावर आणखी एक खिडकी उघडून राउटरलाही पिंग करा. दोन्ही टेबलांची सर्व्हरला जाणारी पिंग एकाच क्षणी तुटली, तर दोष सर्व्हरचा किंवा स्विचचा आहे. एकाच टेबलावरून सर्व्हर आणि राउटर दोन्ही एकदम गायब झाले, तर त्या टेबलाचा रस्ता खराब आहे. पिंगच्या ओळीत घड्याळाची वेळ उमटत नाही, तेव्हा तुटताना दिसली की वहीत वेळ लिहा.

विजेकडेही लक्ष द्या. आपल्याकडे कॉम्प्युटरला यूपीएस असतो, पण टेबलाखालचा छोटा स्विच साध्या बोर्डावर लावलेला असतो. लाइट क्षणभर गेली, किंवा इन्व्हर्टर महावितरणच्या लाइनवरून बॅटरीवर गेला, की कॉम्प्युटर चालूच राहतात आणि स्विच मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. स्क्रीनवर काहीच बदलत नाही, पण तेवढ्यात सॉफ्टवेअरची फाइल हातातून सुटलेली असते. त्या स्विचवरची दोनच टेबलं रडतात, मुख्य स्विचवरची बाकीची नाहीत. स्विचचा ॲडॉप्टर यूपीएसवर घ्या. उलट, लेझर प्रिंटर यूपीएसवर असेल तर काढा. त्याचा हीटर तापताना एकदम जास्त करंट ओढतो आणि छोटा यूपीएस त्या झटक्याला टिकत नाही.

दोष असलेलं टेबल वाय-फायवर असेल, तर आधी त्याला केबल द्या आणि मगच पुढे शोधा. शेअर केलेली डेटाची फाइल वाय-फायवरून उघडून काम करणं हेच मुळात धोक्याचं आहे. २.४ गिगाहर्ट्झचा वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. डबे गरम करण्याच्या वेळी एरर येत असेल तर त्याचं कारण हेच असू शकतं.

पायरी ५: पत्त्यांचा घोळ

कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड ‘/ऑल’ पर्यायासह चालवा. चांगल्या टेबलावर एकदा आणि बिघडलेल्या टेबलावर एकदा, आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक घेतला. म्हणजे पुन्हा केबल, किंवा राउटर. ‘डीएचसीपी सर्व्हर’ (पत्ते वाटणारं यंत्र, बहुधा राउटर) ही ओळही बघा. तिथे दोन टेबलांवर वेगवेगळे पत्ते दिसले, तर ऑफिसात पत्ते वाटणारे दोन जण आहेत. कोणीतरी वाय-फाय नीट मिळावा म्हणून घरचा जुना राउटर आणून लॅन पोर्टला जोडलेला असतो. सकाळी मशीन चालू करताना ज्याचं उत्तर आधी आलं त्याचा पत्ता मिळतो. म्हणून आज हे टेबल बंद, उद्या ते. त्या राउटरचं डीएचसीपी बंद करा किंवा तो काढून टाका.

एकच पत्ता दोघांकडे असणं हेही नेहमीचं. प्रिंटरला किंवा हजेरीच्या मशीनला कोणीतरी हाताने पत्ता दिलेला असतो, आणि राउटर तोच पत्ता कधीतरी दुसऱ्याला देतो. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तेव्हाच भांडण होतं. विंडोज याची नोंद ठेवतं: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, आणि तिथे इव्हेंट क्रमांक ४१९९ शोधा. हाताने दिलेले पत्ते राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेर ठेवा आणि कोणाला कोणता दिला त्याची यादी सर्व्हरच्या बाजूला चिकटवा.

इव्हेंट व्ह्यूअर उघडलाच आहे तर वहीतल्या वेळांशी ताडून पाहा. ॲप्लिकेशन लॉगमधला १००० म्हणजे प्रोग्रॅम कोसळला, १००२ म्हणजे हँग झाला. तिथे लाल खुणा नेहमीच भरपूर दिसतात, त्यांनी घाबरू नका. वहीतल्या मिनिटाशी जुळणारीच नोंद कामाची.

पायरी ६: मशीनच्या आत

कागदावर दोन रकाने करा, चांगलं मशीन आणि बिघडलेलं मशीन. विंडोजची आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, अँटिव्हायरस, ड्राइव्ह कसा मॅप केला आहे (शेअर केलेलं फोल्डर कोणत्या ड्राइव्हच्या नावाने जोडलं आहे), नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, तारखेची मांडणी आणि घड्याळ, हे दोन्हीकडे लिहून काढा. जिथे फरक दिसेल तिथे संशय.

आता ती तारखेची गोष्ट. नवा कॉम्प्युटर अनेकदा अमेरिकन मांडणीवर सुरू केलेला असतो: आधी महिना, मग दिवस. बाकी टेबलं भारतीय मांडणीवर असतात. काही सॉफ्टवेअर तारीख विंडोजच्या मांडणीनुसार वाचतात. २०२५-२६ च्या हिशोबात या टेबलावर ०१-०४-२०२५ टाकलं, तर मशीन ते ४ जानेवारी असं वाचतं आणि तारीख आर्थिक वर्षाबाहेरची आहे असा एरर देतं. २ आणि ३ एप्रिललाही तेच. ४ एप्रिलला दिवस आणि महिना सारखेच, म्हणून एंट्री बरोबर जाते. ५ एप्रिलची एंट्री ४ मेला पडते, ६ ची ४ जूनला, आणि कोणताही एरर येत नाही! हे १२ तारखेपर्यंत चालतं. १३ पासून पुन्हा एरर, कारण तेरावा महिना नसतो. काही जुनी सॉफ्टवेअर तिथे न विचारताच दिवस-महिन्याची अदलाबदल करून तारीख बरोबर घेतात, आणि मग गोंधळ आणखी वाढतो.

टेबलावरच्या माणसाला हे ‘कधी चालतं, कधी नाही’ असंच दिसतं, आणि ते खरंही असतं. पण जे दिवस ‘चालले’ तेच जास्त नुकसानीचे, कारण त्या दिवसांच्या एंट्र्या चुकीच्या महिन्यांत बसल्यात. कंट्रोल पॅनलमधल्या रीजनमध्ये जाऊन इंग्लिश (इंडिया) निवडा. हे सेटिंग विंडोजच्या प्रत्येक यूजरचं वेगळं असतं, म्हणून एकाच मशीनवर एका लॉगिनला एरर येतो आणि दुसऱ्याला नाही, असंही घडतं. प्रत्येक लॉगिनमध्ये जाऊन पाहा. त्यानंतर त्या टेबलावरून झालेल्या सगळ्या एंट्र्यांची तारीख मूळ बिलांशी ताडून घ्या. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

घड्याळही पाहा. रात्री मेन स्विच बंद करून सकाळी सुरू केल्यावर तारीख जुनी दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. वेबसाइटी सर्टिफिकेटचे एरर देतात तेही यामुळे. डोमेनवर असलेल्या (सगळ्यांचं लॉगिन एकाच सर्व्हरवरून तपासलं जातं अशा) मोठ्या ऑफिसात घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला, तर लॉगिनच नाकारलं जातं.

सुट्टीनंतर येणाऱ्या एररसाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्ड उघडा आणि पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. अँटिव्हायरसला सॉफ्टवेअरचं आणि डेटाचं फोल्डर वगळायला सांगा, पण तेवढंच. अख्खा अँटिव्हायरस बंद करून ठेवणं हा उपाय नव्हे.

पायरी ७: सर्व्हर

साध्या विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी फक्त २० जोडण्या घेता येतात. ऑफिसात १५-१६ च कॉम्प्युटर असले, तरी फोल्डरमध्ये स्कॅन पाठवणारा कॉपियर, साहेबांचा लॅपटॉप असं धरून आकडा भरतो. मग जो सर्वात शेवटी येतो त्याला नकार मिळतो, आणि तो रोज तोच असतो म्हणून दोष त्याच्या मशीनला दिला जातो. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, मग सेशन्स उघडलं की आत्ता कोण कोण जोडलेलं आहे ते दिसतं. एरर आला त्या क्षणी ही यादी पाहा.

हाच सर्व्हर १५ मिनिटं काही काम नसलेली, एकही फाइल उघडी नसलेली जोडणी स्वतःहून तोडतो. पुढच्या क्लिकला ती आपोआप जुळते, पण काही जुनी सॉफ्टवेअर तेवढाही खंड सहन करत नाहीत. ‘नेट कॉन्फिग सर्व्हर’ या कमांडमध्ये ‘ऑटोडिस्कनेक्ट’ची किंमत -१ केली की हे बंद होतं. सर्व्हरचं स्लीप सेटिंग ‘नेव्हर’ आहे का, आणि त्याची हार्ड डिस्क तब्येतीने ठीक आहे का, हेही बघून घ्या. त्यावर सगळ्यांचा डेटा आहे.

दोष सापडला असं वाटल्यावर

एरर थांबला की वही लगेच बंद करू नका. पूर्वी दोन एररमधलं सर्वात लांब अंतर जेवढं होतं, त्याच्या दुप्पट दिवस वाट पाहा. शक्य असेल आणि बॅकअप ताजा असेल, तर जुनी केबल किंवा जुनं सेटिंग एकदा परत लावून बघा; एरर परत आला तर कारण नक्की झालं.

एवढं करूनही अट सापडली नाही तर सॉफ्टवेअर कंपनीला फोन करा, पण रिकाम्या हाताने नको. एररचे फोटो, वहीतल्या वेळा, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या जुळणाऱ्या नोंदी, चांगल्या आणि बिघडलेल्या मशीनचा दोन रकान्यांचा कागद, आणि माणूस-मशीन-जागा बदलून काय दिसलं ते त्यांना पाठवा. पलीकडून ‘एकदा फॉरमॅट करून बघा’ असं उत्तर आलं, तर अदलाबदलीचा निकाल पुढे करा आणि डेव्हलपरकडे तक्रार पाठवून तिचा क्रमांक द्यायला सांगा. तो क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.